बायकांच्या प्रेमाची पुस्तकं: शोधायची कुठे आणि लिहायचं काय

लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ‘लेस्बियन’ असा शब्द टाकून शोधलंत, तर बहुधा हाती काही लागणार नाही. देवघेव काउंटरवर नोकरी काढलेली बाई हे सांगतेय, तेव्हा विश्वास ठेवा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत या विषयाला ३०६.७६६३ हा क्रमांक आहे, पण तो समाजशास्त्राच्या पुस्तकांसाठी. मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये जाते, मग तिच्यात शिवकाल असो, खून असो की दोन बायकांचा संसार. तालुक्याच्या वाचनालयात तर तेवढंही नसतं. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र असे कप्पे, वर दाखल क्रमांक, संपलं. पुस्तक पाठीमागच्या कपाटात उभं असतं आणि काउंटरवरची व्यक्ती खऱ्या मनाने सांगते, “असलं काही आमच्याकडे नाही.”

तरीही ही पुस्तकं सापडतात, कारण कुणीतरी आधी वाचून त्यात काय आहे ते कुठेतरी सरळ शब्दांत लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे शोधणं आणि परीक्षण लिहिणं ही मला दोन वेगळी कामं वाटत नाहीत. तुमचं परीक्षण हीच पुढच्या वाचकासाठी कॅटलॉगमधली नोंद. ती नोंद गुळमुळीत झाली की पुस्तक पुन्हा हरवलं.

हे काम कसं करावं, ते अमेरिकेतल्या दोघींनी दाखवून दिलंय. पहिली जॅनेट हॉवर्ड फॉस्टर. ही पेशाने ग्रंथपाल, लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्सी संस्थेच्या ग्रंथालयात काम केलेली. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोपासून आपल्या काळापर्यंत बायकांच्या आपसातल्या प्रेमाचे साहित्यातले उल्लेख तिने वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९५६ मध्ये त्यांचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं. दुसरी बार्बरा ग्रायर. ‘द लॅडर’ नावाचं लेस्बियन बायकांचं मासिक १९५६ ते १९७२ चाललं. त्यात ती ‘जीन डेमन’ या टोपणनावाने पुस्तकांवर सदर लिहायची. १९६७ मध्ये त्यातूनच एक सूची निघाली, आणि तिची पद्धत मला फार आवडते. पुस्तकापुढे एक अक्षर. ए म्हणजे हा विषय मध्यवर्ती, बी म्हणजे दुय्यम, सी म्हणजे दबलेला, सूचक. आणि टी म्हणजे कचरा. आपल्या शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतात तसाच प्रकार, फक्त इथे अनुदान नाही. माझ्या वहीत मी हीच अक्षरं वापरते. ‘टी’ लिहिताना हात अजिबात कचरत नाही.

आता शोधायला लागू.

मराठीत सुरुवात नाटकाच्या कपाटापासून करा. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ बहुतेक जुन्या वाचनालयांत असतं. १९८१ मध्ये विनय आपट्यांनी ते बसवलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली, मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा केली. तेंडुलकर म्हटलं की लोक ‘शांतता’, ‘घाशीराम’, ‘सखाराम’ यांच्यावर येऊन थांबतात, त्यामुळे हे पुस्तक कपाटात सहसा जागेवर सापडतं. कुणी नेलेलं नसतं.

त्यानंतर दिवाळी अंक. या विषयावरची मराठी कथा संग्रहात येण्याआधी, किंवा कधीच न येता, दिवाळी अंकात पडून असते. अनुक्रमणिकेवरून काही कळत नाही. संपादकाची टीप वाचा आणि पुढच्या अंकातला वाचकांचा पत्रव्यवहार बघा. एखाद्या कथेवर ‘आपल्यासारख्या दर्जेदार अंकाकडून ही अपेक्षा नव्हती’ असं पत्र आलं असेल, तर ती कथा आधी काढून वाचा. स्त्रियांच्या मासिकांचे जुने अंकही चाळा. ‘मिळून साऱ्याजणी’ १९८९ पासून निघतंय. मोठ्या वाचनालयांत त्याचे बांधीव खंड मिळतात.

मलपृष्ठाची भाषाही ओळखायला शिका. ‘अनोखं नातं’, ‘वेगळ्या वाटेवरच्या दोघी’, ‘मैत्रीच्या पलीकडचं काही’, ‘धाडसी विषय’. प्रकाशकाला सांगायचं असतं आणि सांगायचंही नसतं, तेव्हा हे शब्द येतात. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश तर कधीच सोडू नका. कुठल्या संस्थेचे, कुठल्या मैत्रिणींचे आभार मानलेत, त्यावरून पुढची दोन-तीन पुस्तकं हमखास सापडतात.

मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेलं आपण शोधतच नाही, आणि माझ्या मते खरा साठा तिथेच आहे. सुनीती नामजोशी १९४१ मध्ये मुंबईत जन्मल्या, आजोळ फलटणच्या राजघराण्यातलं. प्रशासकीय सेवेत होत्या, ती सोडून परदेशी गेल्या, कॅनडात शिकवलं, मग इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या. ‘फेमिनिस्ट फेबल्स’ १९८१ चं. छोट्या छोट्या, तिरकस बोधकथा, पंचतंत्र उलटं करून वाचल्यासारख्या. ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ’ १९८५ चं. त्यात एक गाय येते आणि ती लेस्बियन आहे. हसू नका, किंवा हसा, लेखिकेलाही तेच हवंय. १९८६ मध्ये त्यांनी आणि गिलियन हॅन्सकोम यांनी मिळून ‘फ्लेश अँड पेपर’ हा कवितासंग्रह काढला, एकमेकींशी बोलणाऱ्या कवितांचा. आणि २००० मध्ये आलेलं ‘गोजा’ हे आत्मकथन, त्यात घरी कामाला असलेली गोजा आणि राजघराण्यातली आजी अशा दोघींशी संवाद आहे. याच बाईंनी आपल्या आईबरोबर गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या आहेत. राम गणेश गडकऱ्यांच्या सोहळ्यात हे कुणी सांगितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

दुसरं पुस्तक अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेलं ‘फेसिंग द मिरर’, १९९९. भारतातल्या लेस्बियन बायकांच्या कथा, कविता, आठवणी, पत्रं एकत्र. अनेकींनी टोपणनावाने लिहिलंय. १९९८ च्या शेवटी दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत थिएटरं फोडली गेली होती, हे लक्षात ठेवून वाचा. टोपणनावं का, ते विचारावं लागणार नाही. तिसरं अमृता पाटील यांचं ‘कारी’, २००८. चित्रकादंबरी आहे, म्हणून ग्रंथपाल ती बालविभागात ठेवण्याचा धोका असतो. धुरकट मुंबई, जाहिरात कंपनीतली नोकरी, भाड्याच्या फ्लॅटमधल्या पोरी. पहिल्याच पानांत दोघी गच्चीवरून उडी मारतात आणि दोघीही वाचतात, एक जाळीत पडून, एक गटारात. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी इथून सुरुवात करावी. चित्रं बोलतात.

शेजारच्या भाषांत इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ सगळ्यांना ऐकून माहीत असते. बेगमजान आणि तिची मोलकरीण रब्बू यांच्या जवळिकीची ही १९४२ ची कथा, अश्लीलतेचा खटला लाहोरच्या कोर्टात चालला, लेखिका सुटली.  पण तिथेच थांबू नका. कमला दास यांची मल्याळममधली ‘चंदनमरंगळ’ ही लघुकादंबरी १९८८ ची. गीतांजली श्री यांची हिंदी ‘तिरोहित’ २००१ ची. एका सामाईक गच्चीवर चच्चो आणि ललना यांचं आयुष्य उलगडतं. विजयदान देथांची बीजा आणि तीजा यांची कथा तर राजस्थानी लोककथेच्या अंगाने जाते. दोन शेटजी न जन्मलेल्या मुलांची लग्नं ठरवतात, दोघांनाही मुलीच होतात, एकीला मुलगा म्हणून वाढवतात, लग्न लागतं. हिंदी येणाऱ्या कुठल्याही मराठी वाचकाला ही जमेल. रूथ वनिता आणि सलीम किडवई यांचं ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ (२०००) हाताशी असेल तर जुन्या काळातले उतारे अनुवादासकट एका जागी मिळतात. आणि शहरी, इंग्रजी शिकलेल्या बायकांपलीकडे बघायचं असेल तर माया शर्मा यांचं ‘लव्हिंग विमेन’, २००६. कष्टकरी, गरीब घरांतल्या बायकांच्या मुलाखती आहेत त्यात. माझ्या वहीत त्याच्यापुढे ए आणि दोन फुल्या आहेत.

नियतकालिकांत मुंबईच्या ‘लेबिया’ गटाचं ‘स्क्रिप्ट्स’ आणि कोलकात्याच्या ‘सॅफो फॉर इक्वालिटी’चं ‘स्वकंठे’ ही नावं टिपून ठेवा. पुस्तकाच्या दुकानात ती मिळणार नाहीत. पुस्तक मेळ्यांत, कार्यक्रमांत, ओळखीतून मिळतात.

परदेशातलं शोधणं त्यामानाने सोपं. समलिंगी साहित्यासाठीचे लॅम्डा पुरस्कार १९८९ पासून दिले जातात. त्यात लेस्बियन कादंबरी, कविता, आत्मकथन असे वेगळे विभाग आहेत. पुरस्कार मिळालेलं पुस्तक राहू द्या, अंतिम यादीतली नावं बघा. आपल्याकडची आभा दावेसर यांची ‘बेबीजी’ ही दिल्लीच्या शाळकरी मुलीची कादंबरी या पुरस्काराच्या यादीत बघून मी मागवली होती.

इतकं शोधलं की मग लिहायची वेळ येते.

मी परीक्षणाचा कच्चा खर्डा घरी जोडीदाराला देते. ती निवृत्त शिक्षिका, हातात लाल पेन. मी जिथे जिथे ‘नातं’ एवढंच लिहिलेलं असतं तिथे ती समासात लिहिते, ‘कुणाचं? कसलं?’ याहून चांगली कसोटी मला अजून मिळालेली नाही. उदाहरणादाखल ‘मित्राची गोष्ट’च घेऊ. ‘मानवी मनाचे गुंतागुंतीचे पदर उलगडणारे, काळाच्या पुढचे धाडसी नाटक’ हे वाक्य कुठल्याही नाटकावर चिकटवा, चिकटेल. त्याऐवजी असं लिहा:

‘कॉलेजात शिकणाऱ्या सुमित्राचं नमावर प्रेम आहे. कॉलेजच्या नाटकात दोघी एकत्र येतात, सुमित्रा पुरुषाची भूमिका करते. मन्या दळवी नमावर हक्क सांगतो. सगळी हकिगत आपल्याला बापू सांगतो, जो सुमित्राचा मित्र आहे आणि तिच्यात गुंतलेलाही. शेवटी सुमित्रा आत्महत्या करते.’

एवढ्यात वाचकाला कळतं की पुस्तक त्याच्या कामाचं आहे की नाही. कोण कुणावर प्रेम करतं, गोष्ट कोण सांगतं, शेवटी काय होतं. या तीन गोष्टी परीक्षणात नसतील तर माझ्या लेखी ते परीक्षण झालंच नाही.

शेवट सांगितला म्हणून लोक रागावतात. रागावू देत. रहस्यकथेत खुनी सांगू नये हे मान्य. पण ज्या मुलीने आजवर तिच्यासारखी नायिका फक्त मरतानाच पाहिलीय, तिला पुस्तक हातात घेण्याआधी हे कळायला हवं. शेवट असा का, हेही शोधा. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘स्प्रिंग फायर’ नावाचं स्वस्त पुस्तक आलं, विन पॅकर या टोपणनावाने. लेखिकेला संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा नको, पुस्तकं टपालाने जातात आणि टपालखातं अडवेल. म्हणजे तिथली शोकांतिका लेखिकेच्या मनातून आलेली नाही, टपालाच्या धाकाने आलीय. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ क्लेअर मॉर्गन या नावाने छापलं, आणि त्यात दोघी शेवटी एकत्र येतात. वाचकांची पत्रं येत राहिली, पण लेखिकेने स्वतःचं नाव त्यावर घातलं ते १९९० मध्ये. अशी माहिती परीक्षणात आली की वाचक पुस्तकाकडे नीट बघतो. तेंडुलकरांना टपालखात्याची भीती नव्हती, तरी सुमित्रा मरते. का, यावर तुमचं मत लिहा. माझं मत असं की बापूला जे सोसत नाही ते नाटकालाही सोसत नाही.

निवेदकाकडे मी बारीक लक्ष ठेवते ते यासाठीच. बापू पुरुष. ‘तिरोहित’मध्ये बराच भाग बिटवा सांगतो, तोही पुरुष. ‘लिहाफ’ लहान मुलगी सांगते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली लखनौची रेख्ती घ्या. बायकांच्या बोलीतली, बायकांच्या आपसातल्या प्रेमाचीही कविता, लिहिणारे मात्र रंगीन आणि इन्शा असे पुरुष शायर. दोघींमधलं प्रेम कुणाच्या डोळ्यांनी दिसतं आणि त्या नजरेला काय दिसत नाही, हे परीक्षणात एक परिच्छेद तरी यावं.

आणि पुस्तक ‘आपल्यातलं’ आहे म्हणून डोळे मिटू नका. ‘लिहाफ’बद्दल लिहिणारे बेगमजान आणि रब्बूवर भरभरून लिहितात. पण बेगमजान त्या लहान मुलीशी ज्या तऱ्हेने वागते, ती मुलगी किती घाबरते, हे पानावर छापलेलं आहे आणि कित्येक परीक्षणांत त्याचा उल्लेखही नसतो. तसंच रब्बू ही नोकर आहे. मालकीण आणि मोलकरीण यांच्यात ‘नको’ म्हणायला किती जागा असते, हा प्रश्न कथा उभा करते. तो विचारल्याने कथेचं मोल कमी होत नाही.

आत्मकथनात वेगळी पंचाईत होते. जेनेट विंटरसनची ‘ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट’ ही १९८५ ची कादंबरी. नायिकेचं नाव जेनेटच, वाढ धर्मवेड्या घरात, प्रेम मुलीवर. २०११ मध्ये तिने तेच बालपण आत्मकथन म्हणून पुन्हा लिहिलं आणि सांगितलं की कादंबरीतली एल्सी, ती मायाळू म्हातारी, प्रत्यक्षात नव्हतीच. एकटेपण सोसवेना म्हणून तिला रचली. ऑड्री लॉर्डने तर ‘झामी’ला (१९८२) जीवनकथा आणि मिथक जोडून नवंच नाव दिलं. तेव्हा कादंबरी असेल तर लेखिकेचं चरित्र त्यात कोंबू नका, आणि आत्मकथन असेल तर ‘हे खरंच घडलं का’ यावर कोर्ट भरवू नका. काय सांगितलंय, काय गाळलंय, कुणाला वाचवलंय, ते पाहा.

कवितांवर लिहिताना ओळ उद्धृत करा. ‘तरल, संवेदनशील’ लिहून सुटू नका. अ‍ॅड्रिएन रिचच्या ‘ट्वेन्टी-वन लव्ह पोएम्स’मध्ये एकवीस कवितांना क्रमांक आहेत आणि मध्येच एक बिनक्रमांकाची, शरीराबद्दल सगळ्यात उघड बोलणारी कविता आहे. परीक्षक मोजणी बरोबर करतात आणि नेमकी तीच वगळतात. अ‍ॅन कार्सनने सॅफोच्या कविता २००२ मध्ये इंग्रजीत आणल्या, तेव्हा पपायरस जिथे फाटलाय तिथे चौकटी कंस तसेच ठेवले. कोऱ्या जागेसकट वाचा. ती जागा शब्दांनी भरायचा मोह परीक्षकाने आवरावा.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. लेखिका स्वतः ‘तशी’ आहे का, याचा अंदाज छापायचा नाही. तिने सांगितलं असेल तर तिच्या शब्दांत द्या. टोपणनाव असेल तर ते टोपणनावच राहू द्या, तुम्हाला खरं नाव माहीत असलं तरी. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला हे खरं, पण घरमालक, सासर आणि नोकरी यांना त्या निकालाची प्रत गेलेली नाही.

परीक्षण छापून आलं की कात्रण घेऊन आपल्या वाचनालयात जा. तिथे वाचकांसाठी सूचना वही असते, बहुतेकदा कुणी लिहीत नसल्यामुळे कोरीच. तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशक, किंमत आणि पाठीमागचा आयएसबीएन लिहा. विषयाच्या रकान्यात ‘कादंबरी’ किंवा ‘आत्मचरित्र’ एवढंच लिहून थांबू नका. ‘दोन स्त्रियांची प्रेमकथा’ असंही लिहा, कारण दाखल रजिस्टरमध्ये तेच उतरण्याची शक्यता असते. शक्य असेल तर वेगवेगळ्या तारखांना आणखी दोघीतिघींकडून तीच मागणी लिहून घ्या. ग्रंथनिवड समितीत भांडण होईल ही भीती बाळगू नका. माझ्या अनुभवात समिती आधी किंमत बघते, मग सवलत किती टक्के ते विचारते, आणि विषयापर्यंत पोचेपर्यंत चहा आलेला असतो.